पुढच्या चाकांचे ब्रेक

मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षणाचा धडा आला की दरवर्षी माझा एक ठरलेला विनोद असायचा, की घर्षण नसतं तर तुम्ही वर्गात येऊन थांबला नसता, समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला असता. मुलं हसायची. मास्तरांच्या विनोदाला हसायचं असतं, एवढं त्यांना कळतं. गेल्या वर्षापासून तो विनोद मी बंद केला आहे.

आमची गाडी लहान आहे. पांढरी, जुनी, रस्त्यात कुणी वळून पाहणार नाही अशी. अमरावतीत भाजी आणायला आणि लग्नाकार्याला जायला ती पुरायची. पण माझ्या बायकोची बदली चिखलदऱ्याच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत झाली आणि गाडीच्या नशिबी घाट आला. बायको तिकडे खोली घेऊन राहते. शनिवारी शाळा सुटली की घाट उतरून घरी यायचं आणि सोमवारी पहाटे परत चढायचं, असा तिचा रिवाज पडला. गाडी तीच चालवायची. माझ्यापेक्षा ती बरी चालवते, हे मी चारचौघांत कबूल करतो.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी उतरताना तिच्यापुढे बांबूंनी लादलेला ट्रक होता. तो थांबत थांबत उतरत होता, म्हणून तिलाही पुन्हा पुन्हा ब्रेक मारावा लागला. अर्ध्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणावर तिने ब्रेक दाबला, तर पेडल पायाला घट्ट लागलं, पण गाडी धरेना. तिने गिअर आणखी खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या कुशीला गाडी घासत नेऊन उभी केली. नंतर कितीतरी वेळ ती स्टिअरिंग धरून नुसती बसून होती. हे तिने मला लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न पाहता सांगितलं.

आम्ही दोघं गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने चाक काढून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडमनं ब्रेकवरच पाय ठेवला असन, सर. घाटात गिअरमधी उतरवा लागते."

"दुसऱ्या गिअरमध्येच होती गाडी," बायको म्हणाली.

तो माझ्याकडेच पाहून हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने पर्स खांद्याला लावली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती एस.टी.ने जाऊ लागली. एस.टी.ने परतवाड्याला गाडी बदलावी लागते, शनिवारची संध्याकाळ रस्त्यातच जाते. हळूहळू ती एक शनिवार सोडून यायला लागली.

त्यातच मार्चमध्ये, उपचारासाठी गावाहून आमच्याकडे आणलेली माझी आई गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण सुनेला ती विचारत होती. "आली का? कवा येते?" बायकोला निरोप पोचला तेव्हा दुपारची एस.टी. निघून गेली होती. कुणाच्या तरी मोटरसायकलवर, मग काळीपिवळीत, मग परतवाड्याहून बसमध्ये उभी राहून ती अमरावतीला आली, तोवर सगळं आटोपलं होतं. गाडी असती तर, हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले नाहीत. बायको आईच्या रिकाम्या पलंगाजवळ बसली होती आणि मी दारात उभा होतो. तिथेच मी ठरवलं, की या गाडीला असे ब्रेक बसवायचे की ही बाई पुन्हा बिनधास्त घाट उतरली पाहिजे.

आमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला पुढे मोठ्या डिस्क येतात. आमच्या गाडीची डिस्क म्हणजे एक भरीव लोखंडी ताटली. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. वरच्या मॉडेलची डिस्क आतून पोकळ असते, तिच्यातून हवा खेळते आणि तापलेलं लोखंड लवकर निवतं. पॅड मोठे, ते दाबणारे कॅलिपरही मोठे. ही डिस्क मावायला चाकही थोडं मोठं लागतं. मी महिनाभर वाचलं, विचारलं, मोजमापं पडताळून पाहिली. गॅरेजमध्ये हे काम द्यायचं नाही, हे मात्र आधीच ठरलं होतं. त्या माणसाचं हसू मला अजून पचलं नव्हतं.

अकोला हे बायकोचं माहेर. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक जण माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचा निघाला. त्याच्याकडे दोन कॅलिपर आणि चार चाकं मिळाली. चाकं स्टीलची नव्हती, ॲलॉयची होती, मोठमोठ्या फटी असलेली, आतली डिस्क दिसेल अशी. डिस्क आणि पॅड मी नवे घेतले, डबाबंद. कॅलिपर ज्या गाडीचे होते ती पुढून पार चेपलेली होती. तिच्यात कोण बसलं असेल, हा विचार परतताना बडनेऱ्यापर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. घरी आल्यावर मी कॅलिपर पूर्ण खोलले, आतली रबरं नवी घातली, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

तोवर बाबा आमच्याकडे राहायला आले होते. चांदूर बाजारजवळच्या गावी आमचं काळ्या मातीचं वावर आहे. जन्मभर त्यांनी ते कसलं. आई गेल्यावर वावर मक्त्याने दिलं, बैल विकले आणि एक पिशवी घेऊन ते अमरावतीला आले. आमच्या घरात त्यांना काही काम नव्हतं. मग त्यांनी आपणच शोधून काढलं. दारांच्या बिजागऱ्या, कुंपणाचं फाटक, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांच्या मुलीची सायकल, जिथे म्हणून लोखंड दिसेल तिथे ते तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन बसायचे. मला कधी कधी चीड यायची, कारण कडीला हात लावला की हात तेलकट व्हायचा. पण त्यांना बसलेलं पाहिलं की चीड निघून जायची. आईशी ते ज्या वेळेला गप्पा मारायचे, त्याच वेळेला, संध्याकाळी, ते तेल लावायला बसायचे.

ऑगस्ट संपत आला होता. जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा मी कामाला लागलो. अंगणात गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ओंडके लावले. जुनी डिस्क गंजून बसली होती. हातोडीने ठोकून, गोल फिरवून, पुन्हा ठोकून ती एकदाची सुटली. बाबा ओट्यावर बसून पाहत होते. ट्रॅक्टर आला तरी घरचा वखर न सोडणारा हा माणूस, त्याला लोखंडाचं काम बघायला मनापासून आवडायचं. मधूनच ते उठून पान्हा हातात द्यायचे आणि तो नेमका हवा तोच असायचा.

नव्या डिस्क डब्यातून काढल्या. गंज चढू नये म्हणून कारखान्यात त्यांना तेलाचा हात दिलेला असतो. तो मी स्प्रे मारून चिंधीने पुसू लागलो. कॅलिपर टांगायची तार तेव्हा माझ्या दातात होती.

"कंपनीनं लावेल तेल हाय ना ते?" बाबांनी विचारलं. "कायले पुसून राहिला?"

"पुसा लागते, बाबा," मी दातातल्या तारेआडून म्हणालो.

त्यांनी पुढे विचारलं नाही. फक्त डिस्कवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. कोरडं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला तेव्हा नवल वाटलं. आता आठवतो तेव्हा ती नाराजी होती असं वाटतं.

शनिवारी बायको बसने आली. रविवारी सकाळी ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. ती आत बसली, मी चाकापाशी पान्हा आणि बाटली घेऊन. "दाब." "दाबलं." "धर." "धरलं." मी स्क्रू ढिला करायचा, नळीतून बुडबुडे यायचे, मी स्क्रू आवळायचा. "सोड." "सोडलं." तासभर आमचं एवढंच संभाषण चाललं होतं. आई गेल्यापासून आम्ही दोघांनी एकत्र केलेलं ते पहिलं काम होतं. शेवटचा बुडबुडा गेला तेव्हा ती म्हणाली, "आता पेडल कसं दगडावानी लागून राहिलं." तिच्या आवाजात कित्येक दिवसांनी उत्साह होता.

मग आम्ही बायपासवर गेलो. नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना बसावी लागतात. वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा, जरा निवू द्यायचं, पुन्हा तेच. गाडी ती चालवत होती. प्रत्येक वेळी गाडी नाक खाली करून जागच्या जागी रोवल्यासारखी उभी राहायची. शेवटी ती म्हणाली, "उद्या मी हीच घेऊन जाते." मी खिडकीबाहेर पाहत बसलो, कारण मला भरून आलं होतं.

घरी आल्यावर मी गाडी धुतली. संध्याकाळी आम्ही दोघं भाजी आणायला पायी गेलो. बाबा घरी होते.

सोमवारी पहाटे ती निघाली. मी फाटकात उभा होतो. आमची गल्ली उताराची आहे, टोकाला मोठा रस्ता लागतो. त्या टोकाशी गाडीचे मागचे लाल दिवे लागले. लागले आणि लागलेच राहिले, आणि गाडी मात्र जातच राहिली. रस्त्यावरून दूधवाल्याची मोटरसायकल येत होती. मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. गाडी एकदम डावीकडे वळली, मागची चाकं किंचाळली आणि कोपऱ्यावरच्या नव्या बांधकामासमोर पडलेल्या गिट्टीच्या ढिगावर ती चढली. दूधवाला वाचला. तीही वाचली.

मी धावत गेलो. ती दार उघडून खाली उतरली होती. बंपर फुटून लोंबत होता.

गाडी मी हँडब्रेकच्या आणि मागच्या ब्रेकच्या भरवशावर कशीबशी अंगणात आणली. बाबा फिरायला गेले होते. चाक काढलं. डिस्कवर पिवळसर चिकट थर होता, पॅड भिजले होते. वास घ्यायला वाकावंही लागलं नाही. जवसाचं तेल. लहानपणी वखरणी आटोपली की बाबा वखराची पास, म्हणजे खालची धारेची पट्टी, काढायचे, विटेने घासायचे, तिला जवसाचं तेल चोपडायचे आणि गोणपाटात बांधून आढ्याला अडकवायचे. पुढच्या वर्षी ती पास आरशासारखी निघायची. यांच्या घरी लोखंड गंजत नाही, असं गावात लोक कौतुकाने म्हणायचे. मला सगळं उमगलं. धुतलेली गाडी, दमट हवा, उघडं लोखंड. संध्याकाळपर्यंत त्या डिस्कवर लाल झाक आली असणार. ती पहिल्याच ब्रेकला निघून जाते. पण बाबांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. सुनेच्या गाडीचं नवं लोखंड गंजायला लागलंय, एवढंच त्यांना दिसलं होतं. त्यांनी चाकाच्या फटींतून हात घालून दोन्ही डिस्क मनापासून तेलाने चोपडल्या होत्या.

बायको मागे येऊन उभी राहिली. "काय झालं?"

मी चिंधीने डिस्क झाकली. ज्या माणसाची बायको नुकतीच गेली, त्याला त्याच्या हातून आज काय होणार होतं हे सांगायचं धाडस मला झालं नाही. तिला सांगितलं असतं तर तिच्या नजरेतून ते त्यांच्यापर्यंत पोचलं असतं. "पॅडले ग्रीसचा हात लागला असन माहा," मी म्हणालो.

"दोन्ही बाजूच्या?"

"असन."

"काल बायपासवर त लागले होते."

ती शिक्षिका आहे. खोटं उत्तर ऐकलं की ती पोराला रागवत नाही, फक्त वाट पाहते. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "चूक झाली त झाली. पण काय चुकलं हे तुमालेच माहीत नाही. मंग मी कोणाच्या भरोशावर बसू?" तिने गाडीतून बॅग काढली आणि रिक्षाने बसस्थानकावर गेली.

बाबा आले तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं की गाडी गिट्टीवर गेली, बंपर फुटला. "नवी चाकं हायेत," ते म्हणाले. "सवय होईन तिले."

अकोल्याहून नवे पॅड आणले. डिस्क थिनरने पुसल्या, चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसल्या. बायपासवर एकट्याने जाऊन पुन्हा सगळं केलं. ब्रेक उत्तम लागत होते. तिला फोन केला. "काय होतं मंग?" तिने विचारलं. "ग्रीसच होतं," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली, आणि बसनेच येत-जात राहिली. गाडी अंगणात उभी. ब्रेक मी बसवले होते, पण ज्या कामासाठी बसवले ते खोट्या एका वाक्यापायी अडून बसलं होतं, आणि ते वाक्य मला मागे घेता येत नव्हतं. बाबा मला विचारायचे, "गाडी असून एस.टी.नं काहून जाते सून? रागावली का तुह्यावर?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

नंतर एका सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, मी बाहेर आलो तर बाबा पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. हातात वाटी. काडीला चिंधी गुंडाळून ती काडी त्यांनी चाकाच्या फटीत घातली होती.

"बाबा, हात लावू नका!"

मी लहान मुलावर ओरडावं तसा ओरडलो. काडी त्यांच्या हातून सुटली.

"काहून?" ते म्हणाले. "पाह्य ना, कशी लाल पडून राहिली. मांगं एकडाव लावलं होतं म्या, तवा मस्त..."

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुटलेल्या बंपरकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं असतं तर कदाचित निभावून गेलं असतं, पण मला जमलं नाही.

"मंग त्या दिवशी..." ते म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांनी वाटी खाली ठेवली. नळापाशी जाऊन साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. "एवढं आयुष्य इळ्या-कुऱ्हाडीत गेलं," ते माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "माहा हात कोणाले लागला नाही आजलोक." मी समजावू लागलो, की तुम्हाला माहीत नव्हतं, मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, कुणाला काही झालं नाही. ते ऐकत होते असं मला वाटलं नाही. दुपारच्या बसने ते गावी निघून गेले. जेवा म्हटलं तर भूक नाही म्हणाले. बसस्थानकावरून परत येताना मला वाटलं, माझ्या घरातली दोन्ही माणसं आता एस.टी.तच बसणार.

पुढच्या शनिवारी सकाळी फाटक वाजलं. बाबा दारात उभे. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. आत आलेच नाहीत. "चाल," म्हणाले. "तिले आणाले जाऊ. गाडी काढ."

परतवाड्यानंतर घाट सुरू झाला तेव्हा त्यांनी एकदा खिडकीतून खाली पाहिलं आणि मग समोर पाहत राहिले. सून दर आठवड्याला कुठून कुठे जाते, हे ते पहिल्यांदाच पाहत होते.

बायको नुकतीच शाळेतून आली होती. आम्हाला बघून घाबरली. कुणी गेल्याशिवाय आमच्या घरची माणसं अशी अचानक येत नाहीत. तिने खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत. आजवर ते तिच्याशी सरळ फारसं बोललेले नव्हते. "सूनबाईले सांग," असं म्हणून मला किंवा आईला सांगायचे. त्या दिवशी ते तिच्यासमोर उभे राहिले.

"त्या चकत्याइले तेल म्या लावलं होतं," ते म्हणाले. "यानं नाही. हा खोटं बोलला तुह्याशी. गंजून राहिल्या होत्या म्हणून लावलं. मले मालूम नव्हतं. तुले काई झालं असतं..." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता. मग ती बाबांना म्हणाली, "कोणतं तेल, मामाजी?"

"जवसाचं."

"आणि तुमी मंग काय केलं?" हे मला.

मी सगळं सांगितलं. पॅड बदलले, डिस्क पुसल्या, बायपासवर किती वेळा थांबवून पाहिलं ते. ती लक्ष देऊन ऐकत होती. एकदा तिने मध्येच विचारलं, की पावसात लाल झाल्या तर काय करायचं. काही नाही, पहिल्या ब्रेकलाच साफ होतात, मी म्हणालो. तिने मान हलवली. चहा केला. कप विसळून पालथे ठेवले, बॅग भरली आणि माझ्यापुढे हात केला.

"किल्ली द्या."

ती चालवायला बसली. मी बाबांसाठी मागचं दार उघडलं. आमच्याकडे सासरा सुनेच्या शेजारी बसत नाही. बाबा गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी गेले.

"मी समोर बसतो," ते म्हणाले. "नाई धरलं त पयले मले लागन."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "धरते, मामाजी. तुमी पट्टा लावा."

त्यांना पट्टा लावता येईना. तिने वाकून लावून दिला. मी मागे बसलो.

उतार लागला तसे बाबांचे दोन्ही पाय पुढे रेटले गेले आणि हात गुडघ्यांवर घट्ट आवळले गेले. पहिल्या वळणाच्या बऱ्याच आधी, रस्ता जिथे रुंद होता तिथे, तिने आरशात मागे पाहिलं, कडेला घेतलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. समोर ट्रक नव्हता, गुरं नव्हती. ती का थांबली ते मला क्षणभर कळलंच नाही.

"धरला ना, मामाजी?" तिने विचारलं.

बाबांनी मान हलवली.

गाडी सुरू करून ती पुढे गेली. पुढच्या रुंद जागेवर पुन्हा तसंच थांबली. पुन्हा विचारलं. तिला आता स्वतःची खात्री करायची नव्हती, ती तर पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हाच झाली होती. ती त्यांच्यासाठी थांबत होती. मागे बसून मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. घाटभर तिने हेच केलं. मागून येणारे हॉर्न मारून, वैतागून पुढे जात होते. ती हाताने त्यांना वाट देत होती आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारत होती. हळूहळू बाबांच्या हातांची पकड सैल झाली. मग पाय मागे आले.

खाली परतवाड्याची घरं दिसायला लागली. तिने पुन्हा कडेला घ्यायला इंडिकेटर दिला, तेव्हा बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"आता नको थांबू, बाई," ते म्हणाले. "चाल. घरी चाल."